सप्लिमेंट घेताय? मग हार्मोनकडे असं लक्ष ठेवा

जळगाव काय, धुळं काय, नंदुरबार काय, भिशीला चार बायका जमल्या की एक तरी सांगतेच की मी केसांसाठी अमुक गोळी सुरू केली, तमुक पावडरने पाळी वेळेवर यायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या मेडिकलमधून तेच घेऊन येतात. अंगात कमतरता असेल तर गोळी लागतेच, त्याला माझी ना नाही. पण ताईंनो, यातल्या काही गोष्टी हार्मोन खरंच वरखाली करतात आणि काही नुसता रिपोर्ट बिघडवतात, हार्मोन बिचारे जागच्या जागी असतात.

आधी घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, डबे, चूर्णं एका पिशवीत गोळा करा, काढ्याची बाटली पण. मागचं बारीक लेबल मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा, कशात काय किती आहे आणि तुम्ही ते किती वाजता घेता ते कागदावर लिहा. बऱ्याचदा तीन डब्यांत एकच व्हिटॅमिन निघतं. डॉक्टरकडे जाताना ही पिशवीच न्या, कारण "औषध काही चालू आहे का" विचारलं की आपण "नाही" म्हणतो, सप्लिमेंटला आपण औषध धरतच नाही ना.

आता बायोटिन. केस-नखांच्या गोळीत हे हमखास असतं. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम आणि गोळीत कधी कधी ५,००० नाहीतर १०,०००! काही लॅबच्या तपासणीतच बायोटिन वापरलेलं असतं, मग रक्तातलं जास्तीचं बायोटिन तिथे घोळ घालतं, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन) खोटा कमी दिसतो आणि टी थ्री, टी फोर (थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन) खोटे जास्त. म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतंय असा रिपोर्ट येतो, आणि आधीच थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईचा डोस उगाच कमी होऊ शकतो. पीसीओडीसाठी (अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा त्रास) एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तपासतात त्यातही हा गोंधळ होऊ शकतो. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. म्हणून तपासणीच्या निदान दोन-तीन दिवस आधी ती गोळी बंद, डोस मोठा असेल तर किती दिवस आधी ते डॉक्टरांना विचारा, आणि रक्त देताना लॅबवाल्याला स्वतःहून सांगा, तो विचारेलच असं नाही.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी घड्याळ सांभाळायचं. सकाळी सडा टाकायला उठता तेव्हाच साध्या पाण्यासोबत उपाशीपोटी घ्या, चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर अजून चांगलं. लोह आणि कॅल्शियम त्या गोळीला पोटात अडवून धरतात, मग गोळी रोज घेऊनही टीएसएच खाली येत नाही आणि बाई म्हणते औषधच लागू पडत नाही. यांच्यात चार तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी दुपारी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर छान, चहाबरोबर अजिबात नको, आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाला.

अश्वगंधा घरचीच म्हणून बिनधास्त घेतली जाते. तिच्याने थायरॉईडचे हार्मोन वाढू शकतात, काही जणांना लिव्हरचा त्रास झाल्याचंही नोंदलं गेलंय, त्यामुळे थायरॉईडचं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही, आणि दिवस गेले असतील तर नाहीच. समुद्री शेवाळाच्या, आयोडीनच्या गोळ्याही तशाच, आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात त्या सहसा लागत नाहीत आणि जास्त झालं की थायरॉईड कुठल्याही बाजूला बिघडू शकतं.

पीसीओडीत इनोसिटॉल नावाचं सप्लिमेंट बरेच डॉक्टर देतात. इन्सुलिन जास्त असलं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं, म्हणून हनुवटीवर केस, पिंपल, पाळी लांबणं, आणि इनोसिटॉल त्या इन्सुलिनवर काम करतं. सगळ्यांना सारखा फायदा होत नाही, पुरावाही अजून तोकडाच आहे, म्हणून तीन-चार महिने पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून बघा. पाळी सुरळीत झाली की दिवस राहण्याची शक्यताही वाढते, मूल नको असेल तर काळजी आधीच घ्या. डीएचईए नावाचं हार्मोनचं सप्लिमेंट ऑनलाईन दिसलं तर स्वतःच्या मनाने मागवू नका, त्याने पुरुषी हार्मोन उलट वाढतात.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची गोळी बहुतेक आठवड्यातून एकदाच असते, पण घरात कुणीतरी ती रोज घेतं असं होतं. महिनोन् महिने तसं चाललं तर रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठता आणि पुढे किडनीला त्रास.

मूल हवं असेल तर फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून. आणि त्या काळात व्हिटॅमिन ए जास्त असलेलं काही नको, बाळाला धोका असतो. नवीन काही सुरू केल्यावर पाळी एकदम चुकली, छातीत धडधड वाढली, आवाज घोगरा झाला किंवा डोळे पिवळे दिसले, तर ते बंद करून डबा हातात घेऊनच डॉक्टरकडे जा.