पोर्टेबल हार्ड डिस्कच्या पिनसाठी जादा पैसे मोजताय? आधी या चुका टाळा

दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क मागितली की दुकानदार दोन-तीन डबे समोर मांडतो. एकीला ती जुनी रुंद, दोन भागांची पिन. दुसरीला टाइप-सी. तिसरीवर विजेचं चिन्ह, म्हणजे थंडरबोल्ट ही फार वेगवान जोडणी, आणि किंमत बघून आपण तो डबा हळूच परत ठेवतो. ‘सी घ्या, फास्ट चालते’ हे वाक्य लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या मोबाइल शॉपीपर्यंत सगळीकडे कानावर पडतं. आत फिरती तबकडी असलेल्या डिस्कच्या बाबतीत ते चुकीचं आहे. तरीही लोक पैसे मोजतात, आणि घरी नेल्यावर डिस्क पहिल्यासारखीच हळू चालली की डिस्कलाच नावं ठेवतात.

पिनचा वेग म्हणजे डिस्कचा वेग, असं समजणं

पोर्टेबल डिस्कच्या आत अडीच इंची तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेतात. डिस्क नवी आणि रिकामी असताना मोठी फाइल वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला १२० ते १४० मेगाबाइट मिळतो. डिस्क भरत जाते तसा डेटा तबकडीच्या आतल्या कडेकडे सरकतो. तिथे एका फेऱ्यात कमी डेटा मावतो, त्यामुळे हाच वेग जवळपास निम्म्यावर येतो.

आता पिनकडे बघा. यूएसबी ३.० हे २००८ सालचं तंत्र सेकंदाला ५ गिगाबिट नेतं. बिटचे बाइट केले, मधला वरखर्च वजा केला, तरी हातात ४०० मेगाबाइटच्या आसपास उरतात. म्हणजे ती जुनी रुंद पिनसुद्धा डिस्कच्या तिप्पट माल न्यायला तयार बसलेली आहे. तिच्या जागी १० गिगाबिटची सी लावा नाहीतर ४० गिगाबिटचं थंडरबोल्ट लावा, तबकडी देईल तेवढंच पुढे जाणार. टाकीचा नळ अर्धा इंची असताना त्याला चार इंची पाइप जोडला म्हणून बादली लवकर भरत नाही.

लग्नाच्या शूटिंगचा ५०० जीबी डेटा धरा. १२० मेगाबाइटच्या वेगाने तो कॉपी व्हायला सव्वा तासाच्या आत-बाहेर लागेल, मग डिस्कला तिन्हीपैकी कुठलीही पिन असो. फरक पडतो तो फक्त डिस्क चुकून यूएसबी २.० या जुन्या, हळू जोडणीवर चालली तर. मग वेग ३५ मेगाबाइटवर येतो आणि त्याच कामाला चार तास लागतात. ‘चुकून’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तसं फार वेळा होतं. त्याकडे येतोच.

जुना सल्ला आज वापरणं

महागडी पिन घ्या, हा सल्ला मुळात खोटा नव्हता. यूएसबी २.० च्या काळात डिस्क जास्त देऊ शकत होती आणि पिन अडवत होती. फायरवायर ८०० या तेव्हाच्या वेगवान जोडणीची डिस्क दुपटीने वेगात चालायची, म्हणून व्हिडिओ एडिटिंगवाले तिला खुशीने जादा पैसे द्यायचे. २०११ मध्ये अॅपलने मॅकबुक प्रोवर थंडरबोल्ट आणलं, पण मॅकवर यूएसबी ३.० आलं ते २०१२ मध्ये. मधल्या काळात मॅकवाल्यांना वेगवान डिस्क हवी असेल तर फायरवायर किंवा थंडरबोल्टशिवाय गत्यंतर नव्हतं. यूएसबी ३.० आल्यावर एकट्या फिरत्या डिस्कपुरता हा प्रश्न संपला. सल्ला मात्र अजून तोंडोतोंडी फिरतो आहे.

सी म्हणजे वेग, असं मानणं

टाइप-सी हा फक्त पिनचा आकार आहे. २०१४ मध्ये तो ठरला. त्यातून यूएसबी २.० चा ४८० मेगाबिटचा वेगही जातो आणि थंडरबोल्टचा ४० गिगाबिटचाही. २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी आली खरी, पण साध्या १५ मध्ये डेटाचा वेग यूएसबी २.० चाच ठेवलेला आहे. हार्ड डिस्कच्या बाबतीत रुंद पिनचं मॉडेल आणि सी पिनचं मॉडेल, दोन्हींत बहुतेक वेळा ५ गिगाबिटचाच मामला असतो.

डब्यावरचा आकडाही नीट वाचा. यूएसबी ३.० ला नंतर ‘३.१ जेन १’ म्हणायला लागले आणि मग ‘३.२ जेन १’. वस्तू तीच, बारशी तीन. त्यामुळे ‘यूएसबी ३.२’ एवढंच मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसलं की हुरळून जाऊ नका. गिगाबिटचा आकडा कुठे लिहिला आहे ते शोधा. फिरत्या डिस्कसाठी ५ पुरतो.

लॅपटॉपला फक्त सी पोर्ट आहेत म्हणून डिस्कही सीचीच घेणं

याला स्वस्तातला उपाय आहे. एका टोकाला रुंद पिन आणि दुसऱ्या टोकाला सी, अशी केबल वेगळी मिळते, काहीशे रुपयांत. जुनी डिस्क नव्या लॅपटॉपला थेट लागते, मध्ये लटकणारा कनव्हर्टर नको. दोन मॉडेलच्या किमतीत शंभर-दोनशेचा फरक असेल तर खुशाल सी घ्या, केबल कुणाकडेही मिळते ही सोय आहेच. फरक हजारात गेला की केबल घ्या आणि उरलेल्या पैशांत जागा वाढवा.

कनव्हर्टरच घेणार असाल तर तो ‘ओटीजी’ म्हणून विकला जाणारा अगदी स्वस्तातला नको. त्यातल्या बऱ्याच नगांमध्ये यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात. डिस्क चालते, दिवा लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

केबल आणि पोर्ट न तपासता डिस्कला दोष देणं

‘डिस्क स्लो झालीय’ या तक्रारीत डिस्क निर्दोष निघण्याचं प्रमाण मोठं आहे. तपासायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. पाच-दहा जीबीची एकच मोठी फाइल, एखादा सिनेमा चालेल, डिस्कवर कॉपी करा आणि वेगाच्या आकड्याकडे बघत बसा.

आकडा पहिल्यापासून ३०-४० मेगाबाइटवर सपाट राहिला, तर डिस्क यूएसबी २.० वर चालली आहे. मग कारणं शोधा. रुंद पिनच्या सॉकेटचा मोठा भाग हा जुन्या मायक्रो यूएसबीच्या मापाचाच असतो, त्यामुळे जुन्या फोनची चार्जिंग केबल त्यात बसते आणि डिस्क सुरूही होते, पण वेगवान तारा जोडल्याच जात नाहीत. सीच्या डिस्कला फोनच्या चार्जरची केबल लावली तरी तेच, कारण फोनसोबत येणाऱ्या पुष्कळ केबल डेटासाठी यूएसबी २.० च्याच असतात. डिस्कसोबत आलेली आखूड केबल जपून ठेवायची ती यासाठी. डेस्कटॉपचे काळे पोर्ट बहुधा २.० चे आणि निळे ३.० चे असतात, पण सगळ्या कंपन्या हा रंग पाळत नाहीत. आणखी एक गंमत म्हणजे चपटी यूएसबी पिन फार हळू हळू आत सरकवली तर आधी पुढचे जुने चार संपर्क जुळतात, संगणक तेवढ्यावरच ‘ही २.० ची वस्तू’ असं ठरवून मोकळा होतो. काढून एका झटक्यात पुन्हा लावली की काम होतं.

मॅकवर सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये यूएसबीच्या यादीत डिस्कचा जोडणीवेग लिहिलेला असतो. लिनक्सवाल्यांना lsusb -t ही आज्ञा देऊन ४८०एम आहे की ५०००एम ते दिसेल.

आकडा १२० वर सुरू झाला आणि काही वेळाने २०-३० वर घसरला, तर केबल बदलून उपयोग नाही. आजच्या बहुतेक अडीच इंची डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात. सलग मोठं लिखाण आलं की आतली राखीव जागा भरते आणि डिस्कला जुन्या पट्ट्या उचलून परत लिहाव्या लागतात. तिला थोडी उसंत दिली की ती पुन्हा ताळ्यावर येते. आणि हजारो छोटे फोटो, व्हॉट्सअॅपचं फोल्डर असलं काही कॉपी करताना आकडा कमीच राहणार. प्रत्येक फाइलसाठी आतला हात इकडून तिकडे फिरतो. सगळ्याची एक झिप करून पाठवा, फरक लगेच जाणवेल.

विजेचा प्रश्न विसरणं

यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. डिस्कला तबकडी पहिल्यांदा फिरवताना एका अँपिअरच्या जवळपास लागू शकतं. म्हणून टीव्हीला, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, लांब केबलला किंवा चार पोर्टच्या स्वस्त हबला लावलेली डिस्क टिक-टिक करते, दिसते आणि गायब होते. पिन बदलून हे सुटत नाही. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला आखूड केबलने लावा, किंवा स्वतःचा अॅडॅप्टर असलेला हब घ्या. तिथेही टिक-टिक चालूच राहिली तर मात्र डिस्क ताबडतोब काढून ठेवा. तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या हेडला दुखापत झालेली असू शकते, आणि ‘एकदा परत लावून बघू’ म्हणत प्रत्येक वेळी डेटा परत मिळण्याची शक्यता आपणच कमी करत असतो.

अशाच ढिल्या जोडणीत विंडोज कधी कधी ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ असं सांगतं. होय म्हणू नका. आधी केबल बदला, पोर्ट बदला, दुसऱ्या संगणकाला लावून बघा.

डिस्क लावली की वायरलेस माऊस अडखळतो का? हा डिस्कचा बिघाड नव्हे. यूएसबी ३.० च्या तारांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. माऊसचा डाँगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

पिनच्या मजबुतीकडे दुर्लक्ष

वेगासाठी नाही, पण एका कारणासाठी पिनचा विचार खरंच करायला हवा, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये आता यूएसबीचं सॉकेट वेगळ्या पट्टीवर नसतं, थेट डिस्कच्या बोर्डवरच झाळलेलं असतं. पूर्वी डबी उघडली की आत साधी साटा डिस्क (संगणकात बसते तशी) मिळायची, सॉकेट मोडलं तरी दुसऱ्या डबीत टाकून चालायची. आता तसं होईलच असं नाही. सॉकेट मोडलं म्हणजे बोर्डाचं काम निघालं. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून बसवू, हा मित्राचा सल्लाही बहुधा फसतो. त्या विशिष्ट डिस्कची जुळणी साठवलेली चिप जुन्या बोर्डवरून काढून नव्यावर बसवावी लागते. काही डिस्कमध्ये डेटा बोर्डवरच कुलूपबंद होतो, तिथे तर आणखी पंचाईत. त्यापेक्षा चांगला मायक्रोस्कोपवाला मोबाइल रिपेअरर नवं सॉकेट झाळून देऊ शकतो, तोही डिस्कचं काम आधी केलेला असेल तरच.

कागदावर दोन्ही पिन सारख्याच, दहा हजार वेळा लावा-काढा एवढी हमी. पण सॉकेट लावून-काढून मोडत नाही. डिस्क केबलला लटकत असताना लॅपटॉप उचलला जातो, सोफ्याच्या फटीत पिन वाकडी होते, बॅगेत केबलसकट कोंबली जाते, तेव्हा ते मोडतं. रुंद पिन पातळ आणि लांबट असल्यामुळे बाजूने बसलेला झटका तिच्या सॉकेटला जास्त सोसावा लागतो, आणि ती उलटी घुसवण्याचा प्रयत्न करणारेही कमी नाहीत. सीला उलट-सुलट नाही. डिस्क रोज बॅगेतून हिंडणार असेल, शूटवर दहा हातांत जाणार असेल, तर सीसाठी थोडे जास्त दिलेले पैसे मला पटतात. कपाटात ठेवून महिन्यातून एकदा बॅकअप घेणाऱ्याला पटणार नाहीत.

जिथे पैसे घालायला हवेत तिथे न घालणं

डिस्कवरूनच थेट एडिटिंग करायचं असेल तर पिन नको, एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क, घ्या. साध्या साटा एसएसडीला ५०० मेगाबाइटच्या वर वेग मिळतो, एनव्हीएमई हा त्याहून वेगवान प्रकार असेल तर १० गिगाबिटच्या पोर्टवर हजाराच्या घरात. इथे पिनचा आकडा खराखुरा कामाचा असतो. अनेक डिस्क एकत्र चालवणारे रेडचे डबे वापरणाऱ्यांना थंडरबोल्टचाही उपयोग होतो.

पण इथेही डब्यावर २० गिगाबिट, म्हणजे ‘जेन २ बाय २’ लिहिलेलं दिसलं तर आपल्या लॅपटॉपचं माहितीपत्रक आधी काढा. बऱ्याच लॅपटॉपला हा प्रकार चालत नाही, मग २००० मेगाबाइटची म्हणून घेतलेली एसएसडी १००० वर चालते. काही जुन्या थंडरबोल्ट ३ च्या एसएसडी साध्या सी पोर्टला लावल्या तर चालतच नाहीत, पिन मात्र बरोबर बसते. त्यामुळे जमलं तर आपला लॅपटॉप दुकानात सोबत न्या. ऑनलाइन मागवली असेल तर ती मोठी फाइल पहिल्याच दिवशी कॉपी करून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.