सांधे धरलेल्या कुत्र्याला जिना कसा चढवावा, कसा उतरवावा

सांधे धरलेला कुत्रा सहसा केकाटत नाही. तो उठायला वेळ लावतो, मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा उड्या घेत पायऱ्या चढतो, मांड्या बारीक दिसू लागतात. एवढं दिसलं की डॉक्टर गाठा. ‘वय झालं आता’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आपल्याकडे गोचीड तापानेही सांधे सुजतात आणि त्यावर औषध आहे, म्हणून रक्त तपासून घ्याच.

घरातल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम हे कुत्र्यांना चालणारं वेदनाशामक दिलं तर तेही भरल्या पोटी आणि मापानेच. स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा.

वजन उतरवा, हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. लॅब्राडॉरवरच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. तेव्हा चहाबरोबरची बिस्किटं बंद. पाय घसरू नयेत म्हणून नखं आणि पंजातले केस कापा, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी चटई टाका.

आता जिना. लिफ्ट नसलेल्या इमारतीत खरी पंचाईत इथेच होते. ‘उचलून न्या की’ म्हणणाऱ्यांनी तीस किलोंचं जनावर घेऊन एकदा तिसरा मजला चढून दाखवावा.

अंघोळीच्या मोठ्या टॉवेलची वीतभर रुंदीची लांब घडी करा. ती मांड्यांच्या अगदी पुढून पोटाखाली घाला आणि दोन्ही टोकं पाठीवर एका हातात धरा. नराला ही पट्टी नको त्या जागी दाबते आणि तो मुतायचाच थांबतो. त्याच्यासाठी पायांना दोन भोकं ठेवून जांघेत बसणारी पट्टी शिंप्याकडून शिवून घ्या. पुढे हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा हवा. गळ्याच्या पट्ट्याला धरून ओढणारे पाहिले की माझं डोकं फिरतं.

ओढ सरळ वर द्यायची, पुढे नाही. चालायचं त्याने, तुम्ही फक्त भार घ्यायचा. मागची नखं हवेत दिसली की तुम्ही जास्त उचलताय: कंबर वाकते, सगळं वजन पुढच्या पायांवर जातं आणि मांडीच्या स्नायूंना कामच उरत नाही. मला हे हाताला बसायला बराच काळ लागला, कारण जड जनावर उचलावं असंच हाताला वाटतं.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड, लोक मात्र उलट समजतात. उतरताना त्याचा वेग वाढतो आणि कोपरांवर मार बसतो. हार्नेस आखडून धरा, कुत्रा भिंतीकडून, तुम्ही कठड्याकडून. प्रत्येक वळणावर थांबा. जड कुत्र्याला दोन माणसं लागतात, एक हार्नेसला, एक टॉवेलला. आणि तोंडाने घाई करणारं तिसरं माणूस घरातच ठेवा.

मागचे दोन्ही पाय अचानक लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर दुखणं मणक्याचं असू शकतं. तेव्हा टॉवेल लावायचा नाही. फळीवर आडवा करा आणि न वाकवता लगेच दवाखान्यात न्या.