‘शेठले इचारीसन सांगसू’ : कारखाना वाढताना या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतली एक डाळ मिल. मार्च महिना, दुपारचे दोन. गेटवर तुरीचा ट्रक उभा. सौदा ११ टक्के ओलाव्याचा झालेला आणि मीटर दाखवतोय साडेतेरा. माल उतरवायचा, कटती (जादा ओलाव्यापोटी पैशांत कपात) लावायची, की परत पाठवायचा? सुपरवायझर अमळनेर तालुक्यातला, १४ वर्षं याच मिलमध्ये, तुरीचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा माणूस. पण त्याचं अहिराणीतलं उत्तर एकच : ‘शेठले इचारीसन सांगसू’, म्हणजे शेठना विचारून सांगतो. शेठ पुण्याला लग्नात. फोन लागला सहा वाजता. तोवर हमाल घरी गेले, ड्रायव्हर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मागायला लागला. शेठ म्हणाले, कटती लावून उतरवून घ्या. सुपरवायझरच्या मनात दोन वाजताच हेच होतं.

मी २२ वर्षं खान्देशातल्या डाळ मिल, जिनिंग (कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारे कारखाने), चटई आणि पाइपच्या कारखान्यांचे हिशेब बघतो. २० माणसांचा कारखाना १०० वर गेला, की हा प्रसंग जवळपास प्रत्येक ठिकाणी घडतो. शेड वाढते, मशीनं वाढतात, निर्णय घेणारं डोकं मात्र एकच राहतं. मे महिन्यात पारा ४५ वर असताना पत्र्याखाली उभं राहून आपल्या लोकांनी हे कारखाने उभे केलेत. ते एकाच माणसाच्या फोनवर अडकून पडलेले पाहवत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

पद दिलं, अधिकार दिला नाही

सर्वात जास्त दिसणारी चूक ही. ‘आजपासून तुम्ही मॅनेजर, तुमचंच समजून चालवा,’ असं सांगितलं जातं. पण मोटर जळाली तर किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा? निकृष्ट माल कोण परत पाठवणार? ओव्हरटाइम कोण मंजूर करणार? याबद्दल कोणी बोलतच नाही. मग शहाणा माणूस काय करेल? विचारेल. विचारण्यात त्याची नोकरी सुरक्षित असते.

यावर एक साधा उपाय मी सगळ्यांना सांगतो. मालकाने आठवडाभर एक वही जवळ ठेवायची आणि ‘काय करू?’ म्हणून आलेला प्रत्येक फोन त्यात टिपायचा. एका चटई कारखान्याच्या मालकांची आठवड्यात सहा पानं भरली. मग ती पानं घेऊन आम्ही चौघं बसलो आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहिला : ‘विचारून’, ‘सांगून’ किंवा ‘परस्पर’. ‘सांगून’ म्हणजे आधी निर्णय घ्या, संध्याकाळपर्यंत कळवा. पुढे रकमेची मर्यादा लिहिली आणि माणसाचं नाव. बहुतेक ओळी ‘परस्पर’मध्ये गेल्या, तेव्हा मालक बराच वेळ वहीकडे बघत बसले होते.

याला जोडून बँकेचं काम करा. कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव करून ठरावीक रकमेपर्यंत सहीचा अधिकार दुसऱ्या कोणाला देता येतो. तोंडी अधिकार चेकवर चालत नाही.

निर्णय चारचौघांत फिरवला

पहिली चूक दुरुस्त होते. या दुसरीने मात्र वर्षांची मेहनत मातीत जाते.

एका जिनिंगमध्ये ऐन हंगामात फोरमनने रात्री एक मशीन थांबवलं. बेअरिंग तापत होतं, हात लावता येत नव्हता. मालक आले, बंद मशीन पाहिलं आणि कामगारांसमोर कडाडले, ‘कोणाला विचारून बंद केलं? बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलीये!’ मशीन पुन्हा सुरू झालं. त्या रात्री काही झालं नाही, आणि सगळ्यात वाईट गोष्ट हीच होती, कारण मालकांना वाटलं आपलं बरोबर होतं. महिनाभराने दुसऱ्या मशीनचं बेअरिंग तापलं. फोरमनला दिसत होतं, पण त्याने मशीन थांबवलं नाही. तापलेलं बेअरिंग आणि भोवती उडणारी रुई, पुढे काय होतं हे जिनिंगवाल्यांना सांगायला नको. ठिणगी सरकत ढिगापर्यंत गेली. माणसं वाचली, रुई गेली.

फोरमन मला नंतर म्हणाला, ‘साहेब, मागच्या वेळी बंद केलं होतं ना.’ एवढंच.

आपल्या माणसाने घेतलेला निर्णय पटला नाही तरी त्या वेळेपुरता तो चालू द्या. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये, दार लावून, दोघंच बसा. ‘असं का केलं?’ हे खरंच जाणून घेण्यासाठी विचारा. चूक निघाली तर वहीतली मर्यादा बदला, पण हंगामात एकदाच. जिवाला धोका दिसला म्हणून मशीन थांबवणाऱ्याला मात्र कधीच, कोणासमोरही, रागावू नका. नुकसान झालं तरी नाही.

एका कामाला दोन मालक

एकत्र कुटुंबाचे कारखाने आपल्याकडे पुष्कळ. मोठे भाऊ सांगतात आधी धुळ्याची गाडी भरा, धाकटे भाऊ सांगतात आधी इंदूरची. डिस्पॅचचा मुलगा दोघांनाही ‘हो’ म्हणतो आणि कुठे तरी लपून बसतो. सामूहिक नेतृत्व म्हणजे सगळ्यांनी सगळ्यात बोलायचं, असा समज झाला की हेच होतं.

१९४५ मध्ये आपल्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या विप्रोने २००८ मध्ये आयटी व्यवसायासाठी दोन संयुक्त मुख्याधिकारी नेमले होते. २०११ च्या सुरुवातीला रचना सोपी हवी म्हणून कंपनी पुन्हा एकाच मुख्याधिकाऱ्याकडे आली. एवढ्या मोठ्या, शिस्तीच्या कंपनीला जे जड गेलं, ते तोंडी हुकुमांवर चालणाऱ्या आपल्या कारखान्यात सहज जमेल असं समजू नका.

सल्ला दहा जणांचा घ्या, पण कामापुढे नाव एकाचंच लिहा. खरेदी मोठ्या भावाची, डिस्पॅच धाकट्याचा. मोठ्याला डिस्पॅचबद्दल काही म्हणायचं असेल तर त्याने धाकट्याला सांगावं, गाडी भरणाऱ्या मुलाला नाही.

आकडे कपाटात

निर्णय घ्यायला सांगायचं आणि आकडे दाखवायचे नाहीत, हेही बरंच चालतं. ताळेबंद सगळ्यांसमोर मांडा असं मी म्हणत नाही. पण जिनिंगच्या फोरमनला रुईचा उतारा (कापसातून किती रुई निघाली), डाळ मिलच्या सुपरवायझरला क्विंटलमागे विजेचा खर्च आणि विक्रीच्या माणसाला कोणाची किती उधारी थकली आहे, हे दर आठवड्याला कळलंच पाहिजे. पॅकिंगमधल्या बायकांनाही विचारा. फाटक्या पोत्यांत किती माल सांडतो, ते त्यांच्याइतकं ऑफिसात कोणालाच माहीत नसतं.

वेळ आणि बैठक

ऐन दिवाळीत, कापूस येत असताना, हे बदल सुरू करू नका. जून-जुलैत, मशीनची दुरुस्ती चालू असताना करा. आणि बैठकीत मालकांनी सगळ्यात शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीच्यांना फक्त मान हलवायची उरते.

घडी बसली की नाही, कसं कळणार?

मालकाने आठ दिवस निघून जावं. चैत्रात खान्देशातून वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणारी माणसं रस्तोरस्ती दिसतात. त्या डाळ मिलचे शेठ गेल्या वर्षी तसेच चालत गेले, फोन घरी ठेवून. परत आल्यावर मिलमध्ये दोनच गोष्टी अडलेल्या होत्या. जनरेटरच्या डिझेलचं बिल सहीसाठी पडून होतं आणि एका जुन्या व्यापाऱ्याला आणखी उधार द्यायचं की नाही हे ठरत नव्हतं. पहिल्यासाठी त्यांनी त्याच आठवड्यात ठराव करून बँकेत कागद दिले. दुसरी गोष्ट त्यांनी विचार करून स्वतःकडेच ठेवली आणि वहीत तिच्यापुढे स्वतःच्या हाताने ‘विचारून’ असं लिहिलं.