जुन्या गार्डन ट्रॅक्टरला स्पेसर आणि स्टड : काम काढण्याआधीची तयारी

स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवण्यासाठी हब आणि चाक यांच्या मध्ये घालायची जाड चकती, बसवण्याआधी हबच्या (ॲक्सलच्या टोकावरच्या, चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) तोंडावरचा आणि चाकाच्या पाठीवरचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडून काढावा. क्रमाने पाहता ही सूचना बरीच खाली यायला हवी. परंतु गेल्या वेळी माझ्याकडून नेमकी हीच गोष्ट राहिल्यामुळे ती मी आधी लिहीत आहे आणि पुढेही लिहिणार आहे. जुना ट्रॅक्टर नव्याने रंगवल्यावर त्या तुकतुकीत लाल रंगावर तारेचा ब्रश चालवायला कोणाचाही हात धजत नाही, पण दोन धातूंच्या मध्ये रंगाचा थर अडकला असेल तर टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा ठरलेला जोर, पुरेपूर भरल्याचा केवळ भास होतो. ट्रॅक्टरवर भार आला की तो थर दबतो, चुरतो आणि तो जितका पातळ होतो तितका स्टडमधला, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बिनडोक्याच्या आटेदार दांड्यामधला, ताण उतरतो. मग आवळलेले नट बोटांनी फिरू लागतात, छिद्रांभोवती तांबूस भुकटी जमते आणि त्यानंतर चाकाची गोल छिद्रे लांबट व्हायला फार वेळ लागत नाही.

पुढचे सर्व विवेचन व्हील हॉर्सच्या १९७० च्या दशकातील सी मालिकेतील ट्रॅक्टरला धरून आहे. इंडियाना राज्यातील साउथ बेंडची ही कंपनी १९८६ मध्ये टोरोने घेतली, त्यामुळे मॉडेल क्रमांक हाताशी असल्यास मूळ मॅन्युअल आणि सुट्या भागांची चित्रे टोरोकडे मिळतात. ती कागदावर छापून घ्यावीत, कारण ग्रीसने माखलेल्या बोटांनी फोन चाळणे फार काळ जमत नाही.

स्पेसर खरोखर हवा आहे का, हे आधी ठरवावे. बर्फासाठी लावलेल्या साखळ्या मडगार्डला घासत असतील, रुंद टायर आत कशाला तरी टेकत असेल किंवा उतारावर ट्रॅक्टर कलता वाटत असेल, तर कारण योग्य आहे. तरीही मागची चाके उलटी करून पाहण्याचा फुकटचा उपाय आधी करावा : डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे, दोन्हींची आतली बाजू बाहेर. अशा अदलाबदलीत टायरच्या नक्षीची दिशा बदलत नाही आणि चाकाच्या खोलगटपणामुळे रुंदी वाढते. मात्र बोल्टच्या शंकूसाठी असलेली उतरती बैठक चाकाच्या दुसऱ्या बाजूलाही आहे का, हे पाहिल्याशिवाय हे करू नये. स्पेसर जितका जाड, तितके चाक ॲक्सलच्या बेअरिंगपासून दूर जाते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो, म्हणून गरजेपेक्षा जाड स्पेसर घेऊ नये.

स्पेसर मागवण्यापूर्वी मापे स्वतः घ्यावीत. पाच छिद्रांच्या हबमध्ये एका छिद्रासमोर दुसरे छिद्र येत नसल्याने छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास पट्टीने सरळ मोजता येत नाही. त्याऐवजी शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे. हे अंतर २.६५ इंच, म्हणजे सुमारे ६७ मिलिमीटर आले, तर वर्तुळ साडेचार इंचांचे आहे. २.७९ इंच आले तर ते पावणेपाच इंचांचे असते, आणि त्या मापाचा स्पेसर साडेचार इंची हबवर 'जवळपास' बसतो म्हणून कोणी हातोड्याने बसवू लागल्यास त्याला थांबवावे. साडेचार इंचांचे वर्तुळ अनेक जुन्या जीप गाड्यांनाही असल्यामुळे त्यांच्यासाठी विकले जाणारे स्पेसर लोक सर्रास वापरतात. त्यांत दोन गोष्टी तपासाव्यात. ॲक्सलचे टोक हबच्या बाहेर डोकावत असेल तर ते स्पेसरच्या मधल्या भोकात मावते का, आणि स्पेसरवरचे स्टड कोणत्या आट्यांचे आहेत. असा स्पेसर आतल्या नटांनी हबला बसतो आणि त्याच्या स्वतःच्या स्टडवर बाहेरच्या नटांनी चाक बसते.

आट्यांच्या बाबतीत घाई मुळीच करू नये. या ट्रॅक्टरांच्या हबवर ७/१६ इंच, इंचाला २० आटे, असे बोल्ट मिळतात आणि काहींवर अर्ध्या इंचाचे, तेही २० आट्यांचेच. आपल्याकडच्या फिटरच्या हिशेबात ते अनुक्रमे साडेतीन सूत आणि चार सूत होतात. जीपच्या स्पेसरवर बहुधा चार सुती स्टड असतात, म्हणजे आतले नट एका मापाचे आणि बाहेरचे दुसऱ्या, असा प्रसंग येऊ शकतो. तेव्हा दोन्ही नट वेगळ्या डब्यांत ठेवावेत. खरा धोका मेट्रिकचा आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या, १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या स्टडवर चार सुती नट चढतो, फिरतो आणि आवळल्यासारखाही वाटतो, परंतु तो आट्यांच्या केवळ टोकांवर टेकलेला असतो. नट हलकेच चढवून आडवा हलवून पाहावा. खडखडला तर तो संच परत पाठवावा. नट शंकूच्या तोंडाचेच असावेत आणि शंकू चाकाकडे असावा. सपाट नट आणि स्प्रिंग वायसर यांची भर घालू नये.

मूळ रचनेत हबमध्ये आटे असतात आणि चाक बोल्टने बसते. जाड स्पेसरसाठी लांब बोल्ट घालण्यापेक्षा हबमध्ये पिळून बसणारे स्टड घालणे मला अधिक पसंत आहे, कारण चाक लटकवून ठेवायला आधार मिळतो आणि हबचे जुने आटे दर वेळी झिजत नाहीत. स्टडची लांबी अंदाजाने ठरवू नये : हबच्या कडेची जाडी, स्पेसर, चाकाचा पत्रा आणि पूर्ण नट यांची बेरीज करावी. नटाला किमान स्टडच्या जाडीइतके आटे मिळाले पाहिजेत. साडेतीन सुती स्टडवर ते जवळजवळ नऊ फेरे होतात, म्हणून नट चढवताना फेरे मोजावेत. चार-पाच फेऱ्यांतच तो टेकला तर स्टड आखूड आहे. स्पेसर स्वतःच्या वेगळ्या स्टडचा असेल तर हिशेब उलटतो : हबमधून आलेला स्टड स्पेसरच्या बाहेरच्या तोंडापलीकडे केसभरही येता कामा नये, नाहीतर चाक त्या टोकांवर टेकते आणि नट आवळले तरी मध्ये फट राहते. स्टडचे मागचे टोकही पाहावे. ते हबच्या मागे जास्त बाहेर आले तर आतल्या भागांना घासते, म्हणून स्टड बसवल्यावर चाक न लावता हब हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कान देऊन ऐकावे.

स्टड बसवण्याआधी हबच्या छिद्रांतून त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, हलकेच फिरवावा, घाण ब्रेक क्लीनरने धुवावी, लाल, म्हणजे जास्त पकडीचे थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) लावावे आणि दोन नट एकमेकांवर अडकवून स्टड पिळावा. पूर्ण पकड येण्यासाठी २४ तास द्यावेत. ही पकड नंतर उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा लांबीची खात्री आधीच करावी. हब ओतीव लोखंडाचा आहे. त्यावर हातोडा चालवू नये.

हब ॲक्सलवर घट्ट आहे का, हेही आताच पाहावे. या ट्रॅक्टरांत हब चावी (ॲक्सल आणि हबच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) आणि सेट स्क्रू (हबमधून ॲक्सलवर दाबणारा स्क्रू) यांच्या जोरावर बसतो. तो जरासा जरी हलत असेल तर स्पेसरचा वाढीव भार चावीची खाच खाऊन टाकतो. सेट स्क्रू आवळून त्याच छिद्रात वर दुसरा स्क्रू घालण्याची जुनी रीत चांगली आहे.

आता पुन्हा रंग. एका चाकामागे चार तोंडे येतात : हब, स्पेसरची आतली बाजू, स्पेसरची बाहेरची बाजू आणि चाकाची पाठ. अॅल्युमिनियमच्या स्पेसरवर बहुधा रंग नसतो, पण लोखंडी स्पेसर रंगवून मिळतात आणि पावडर कोटिंग केलेल्या चाकावरचा थर तर साध्या रंगापेक्षा जाड असतो. चारही तोंडे साफ करावीत. त्यानंतर, तोंडे साफ झाल्याच्या समाधानात जी जागा हमखास विसरली जाते ती पाहावी, म्हणजे चाकाच्या छिद्रांभोवतीची शंकूची बैठक, जिथे नट प्रत्यक्ष टेकतो. तिथला रंगही काढावा. काढलेल्या जागी गंज धरेल अशी भीती वाटत असेल तर तेलाचा पुसट हात फिरवावा. तेवढ्यासाठी पुन्हा प्रायमर मारू नये. मित्राने 'एवढ्याशा रंगाने काय होते' म्हटले तरी मारू नये.

ट्रॅक्टर उचलण्याबाबत एकच गोष्ट महत्त्वाची आहे. ब्रेक डिफरन्शिअलच्या (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) अलीकडे लागतो, म्हणून एक मागचे चाक उचलले की ब्रेक लावलेला असूनही जमिनीवरचे चाक फिरू शकते. पुढच्या चाकांना आणि जमिनीवरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावावी, ॲक्सलखाली घोडी (पक्का स्टँड) द्यावी, जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. टायरमध्ये वजनासाठी पाणी किंवा तसला द्रव भरला असेल तर चाक एकट्याने उतरवू नये.

आवळताना चाक हवेत असताना नट एकाआड एक टेकवावेत, मग चाक जमिनीवर आणून टॉर्क पान्याने मॅन्युअलमधला आकडा दोन टप्प्यांत भरावा. इम्पॅक्ट गन नको. आट्यांना तेल लावू नये. तेलामुळे त्याच टॉर्कवर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. तासभर चालवून पुन्हा टॉर्क तपासावा, पहिल्या दिवसअखेर पुन्हा. स्वतःच्या स्टडच्या स्पेसरमध्ये आतले नट तपासायला चाक उतरवावे लागते, ते टाळू नये. नट पुन्हा पुन्हा फिरत असेल तर अधिक जोर लावू नये, चाक उतरवून तोंडांवर रंग राहिला आहे का ते पाहावे. साखळ्या या तपासणीनंतरच चढवाव्यात. दीड इंची स्पेसरने ट्रॅक्टर एकूण तीन इंच रुंद होतो. शेडचे दार आणि ट्रेलरच्या फळ्यांमधले अंतर आदल्या दिवशीच मोजून ठेवावे.