लहान सभागृहात जुना हार्ड रॉक बँड ऐकायला जाताना: तयारीची यादी

तिकीट, ओळखपत्र, भरलेली बॅटरी, रुमाल. या चार गोष्टी प्रत्येकाला ठाऊक असतात, त्यामुळे त्यांवर अधिक शब्द खर्च करत नाही. ओळखपत्राबाबत मात्र एक सूचना आवश्यक आहे. जिथे मद्य मिळते अशा जागी 21 वर्षांखालील व्यक्तीला अनेकदा आत सोडत नाहीत. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला किंवा मुलीला सोबत नेण्याचा विचार असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच वयाची अट वाचावी, दारावर वाद घालून काही हाती लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. इअरप्लग घ्यावेत. मागच्या वेळी नवी मुंबईच्या वाशीतील एका बंदिस्त हॉलमध्ये मी ते न घेता गेलो. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात शब्द, गिटार आणि झांजा यांचा एकच खरखरता लगदा झाला होता, आणि ज्या गाण्यांसाठी मी इतकी वर्षे वाट पाहिली होती ती मला नीट ऐकूच आली नाहीत. या यादीतील बाकी सर्व विसरले तरी चालेल, असे मी गांभीर्याने म्हणतो.

जागा लहान म्हणजे आवाजही बेताचा, ही समजूत आधी सोडून द्यावी. मोकळ्या मैदानात ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते, म्हणून तिथे मागे सरकण्याला अर्थ असतो. दोन-तीनशे माणसांच्या हॉलमध्ये, जिथे एका बाजूला काच, वर फॉल्स सीलिंग आणि खाली फरशी असते, तिथे आवाज परत परत आदळून सगळीकडे जवळजवळ सारखाच भरून राहतो, त्यामुळे शेवटच्या भिंतीला टेकून उभे राहिल्याने फारसे काही वाचत नाही. त्यातच ड्रमला आवाज कमी करण्याचे बटण नसते. ड्रमरचा हात जितका जोरकस, तितका आवाज होणारच, त्याच्यावर गिटारचा अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारे यंत्र, चढवावा लागतो, आणि त्या दोघांच्याही वर गायकाचा आवाज स्पीकरमधून आणावा लागतो. ज्यांनी 1986 साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात ऐकला, त्यांच्यापैकी अनेकजण ‘आम्हाला कधी इअरप्लग लागले नाहीत’ असे सांगतात. रंगभवन खुले होते, डोक्यावर आकाश होते. वाशी-बेलापूरच्या हॉलमध्ये डोक्यावर छत असते, आणि आपले कानही आता विशीतले राहिलेले नाहीत.

आकड्यांकडे पाहावे. अमेरिकेतील नायोश ही कामगार-आरोग्य संस्था 85 डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर 3 डेसिबलमागे ती मुदत निम्मी करते. त्या हिशेबाने 94 डेसिबलला एक तास उरतो आणि 100 डेसिबलला केवळ 15 मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली संगीताच्या जागांसाठी जे मानक दिले, त्यात 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये आणि श्रोत्यांना कानांचे संरक्षण उपलब्ध असावे, असे म्हटले आहे. आपल्याकडे दारावर कोणी इअरप्लग देईल या आशेवर जाऊ नये. हार्ड रॉकचा कार्यक्रम 100 डेसिबल सहज ओलांडतो आणि दीड-दोन तास चालतो. आतल्या कानातील ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनी टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ज्यांच्या गाण्यांवर आपण जीव टाकतो त्या कलाकारांनीच याची किंमत मोजली आहे: एसी/डीसी या बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना 2016 साली ऐकणे कायमचे जाण्याच्या धोक्यामुळे चालू दौरा सोडावा लागला, आणि द हू या बँडचे पीट टाउनशेंड आपल्या बिघडलेल्या श्रवणाबद्दल अनेक वर्षे जाहीरपणे बोलत आले आहेत. महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत यंत्राशेजारी काम करणाऱ्याला कानांचे संरक्षण द्यावे लागते, मग त्याहून मोठ्या आवाजात आपण स्वखुशीने उघड्या कानांनी का उभे राहावे?

कापसाचे बोळे चालणार नाहीत. कापूस आवाज फारच थोडा अडवतो आणि आपण सुरक्षित आहोत असा खोटा धीर मात्र देतो. सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे फोमचे इअरप्लग. औषधांच्या दुकानात किंवा सेफ्टीचे सामान विकणाऱ्या दुकानात ते किरकोळ किमतीत मिळतात. ते बोटांत घट्ट वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर त्याचा उपयोग होत नाही. फोमची एक उणीव आहे: तो वरच्या स्वरांना अधिक दाबतो, त्यामुळे शब्द आणि झांजा मंद वाटतात. ती नको असेल तर वादक वापरतात तसे फिल्टर असलेले इअरप्लग ऑनलाइन मागवावेत. ते सर्व स्वर जवळपास सारख्या प्रमाणात कमी करतात. ‘कान बंद करून संगीत काय ऐकायचे’ हा आक्षेप मला मान्य नाही. फार मोठ्या आवाजात कान स्वतःच स्वर वेगवेगळे ओळखण्यात कमी पडतो, आणि योग्य इअरप्लग घातल्यावर गायकाचे शब्द अनेकदा अधिक स्पष्ट होतात. मागवायचे असतील तर आठवडाभर आधी मागवावेत, घरी घालून पाहावेत, आणि सोबत येणाऱ्यासाठी एक जोडी जास्त घ्यावी, कारण तो विसरणार हे गृहीत धरावे.

गाण्यांच्या तयारीबद्दल लोक सर्वांत निष्काळजी असतात. 1984 साली मुंबईत उभा राहिलेला रॉक मशीन हा बँड पुढे इंडस क्रीड झाला, मधली अनेक वर्षे थांबला, पुन्हा एकत्र आला आणि 2012 साली त्याने नवा अल्बम काढला. दिल्लीचा परिक्रमा 1991 पासून वाजवतो आहे. इतक्या लांब वाटचालीत माणसे बदलतात. म्हणून आज मंचावर कोण येणार आहे हे आधी पाहावे, म्हणजे जुन्या गिटारवादकाच्या जागी दुसरा दिसल्यावर पहिली तीन गाणी हळहळण्यात जात नाहीत. अलीकडचा अल्बम किमान दोनदा नीट ऐकावा. ज्येष्ठ बँड नवी गाणी वाजवणारच, तो त्यांचा हक्क आहे, आणि त्या वेळी पाठ फिरवून खाद्यपदार्थांच्या खिडकीकडे जाणारा श्रोता लहान हॉलमध्ये मंचावरून स्पष्ट दिसतो. कलाकाराच्या तोंडावर असे वागू नये. आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी: वय वाढलेल्या गायकासाठी अनेक बँड गाणे अर्धा किंवा एक स्वर खाली उतरवतात. पेटीच्या काळी दोन पट्टीतले गाणे खालच्या काळी एकमध्ये ऐकले तर आपण ते कमअस्सल ठरवत नाही. तोच न्याय इथेही लावावा. त्या उतरवलेल्या पट्टीत आवाजाला जे वजन येते ते तरुणपणीच्या ध्वनिमुद्रणात नसते, आणि ते ऐकण्यासाठीच लहान हॉलमध्ये जायचे असते.

वेळेचा विचार करताना तिकिटावरील वेळ ही दार उघडण्याची आहे की बँड उभा राहण्याची, हे आयोजकांना विचारावे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आहे. बंदिस्त सभागृहांना त्यातून सूट असली तरी आसपास वस्ती असल्यास बरेच आयोजक लवकर आटोपते घेतात, त्यामुळे मुख्य बँड अपेक्षेपेक्षा आधी सुरू होऊ शकतो. ठाण्याहून निघणाऱ्यांनी नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटावर इंडिकेटर नीट वाचूनच गाडीत चढावे. पनवेलकडे जाणारी गाडी तुर्भ्याहून जुईनगरला वळते, ती सानपाडा आणि वाशीला जात नाही. वाशीचा कार्यक्रम असेल तर वाशी लोकल, नेरूळ-बेलापूरचा असेल तर पनवेलची, आणि चूक झालीच तर तुर्भ्याला उतरून बदलावी. रविवार असेल तर मेगाब्लॉक पाहावा. तो सहसा दुपारी संपतो, पण गाड्या त्यानंतरही उशिराने धावतात.

कपड्यांबद्दल बोलण्यासारखे थोडेच आहे: सुती टी-शर्ट आणि बंद बूट. चपला घालून गर्दीत उभे राहणे धोक्याचे आहे. मोठी बॅग नेऊ नये, कारण ती दारावर ठेवून घेतात. इथेच इअरप्लग पुन्हा विसरले जातात. ते बॅगेत असतील तर बॅगेबरोबर बाहेरच राहतील. ते पँटच्या खिशात ठेवावेत, लहान डबीत, आणि घराचे कुलूप लावण्यापूर्वी खिसा चाचपून पाहावा. खाणे आधी उरकावे, स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला तरी पुरे.

आत गेल्यावर साउंडवाल्याच्या मिक्सरच्या जवळपास, शक्यतो मध्यभागी जागा धरावी. तो माणूस त्याच्या कानाला जे बरोबर वाटते तसा आवाज जुळवत असतो, त्यामुळे तिथे समतोल सर्वांत चांगला मिळतो. मंचाला लागून उभे राहण्याचा मोह मला समजतो, वादकाची बोटे दोन हातांवरून पाहण्याचे सुख मोठ्या स्टेडियममध्ये मिळत नाही. परंतु गिटारच्या कॅबिनेटच्या थेट समोर उभे राहू नये. त्या स्पीकरमधले तीव्र स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर येतात, आणि तिथे गायकाचा आवाज मात्र कमी ऐकू येतो, कारण गायन बाजूच्या मुख्य स्पीकरमधून येत असते. पुढे जायचेच असेल तर दोन-तीन गाण्यांसाठी जावे आणि मागे यावे. इअरप्लग पहिल्या ठोक्याच्या आधी घालावेत. ‘त्रास झाला तर घालू’ असे म्हणू नये, कारण त्रास जाणवेपर्यंत कानावरचा ताण होऊन गेलेला असतो. मित्राशी बोलण्यासाठी ते काढू नयेत, बोलायचे असेल तर बाहेर जावे. दोन गाण्यांच्या मध्ये किंवा मध्यंतरात पाच-दहा मिनिटे शांत जागेत उभे राहिल्यास कानांना खरी विश्रांती मिळते.

मोबाइलवर एखादे गाणे टिपावे, पूर्ण कार्यक्रम नाही. टी-शर्ट किंवा सीडी विकायला असतील तर कार्यक्रमापूर्वीच घ्यावेत, नंतर हवे ते माप उरत नाही. थोडी रोख रक्कम असू द्यावी, कारण गर्दीत नेटवर्क मिळेलच असे नाही.

परतीची शेवटची ठाणे लोकल एम-इंडिकेटर या मोबाइल अ‍ॅपवर आधीच पाहून ठेवावी आणि तिच्या आधीची पकडण्याचे ठरवावे. शेवटचीही चुकली तर रिक्षा किंवा टॅक्सी घ्यावी लागेल, आणि मध्यरात्रीनंतर रिक्षाला सव्वापट भाडे लागते. गाडीने आला असाल तर चालवणाऱ्याने मद्य घेऊ नये.

घरी आल्यावर हेडफोन लावू नयेत, दुसरा दिवसही शक्य तितका शांततेत काढावा. कानात शिट्टी वाजत असेल किंवा दडे बसल्यासारखे वाटत असेल आणि ते दोन दिवसांत ओसरले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले तर दोन दिवसही थांबू नये, त्याच दिवशी जावे. सिलिकॉनचे इअरप्लग असतील तर कोमट पाण्याने धुऊन, वाळवून डबीत ठेवावेत. फोमचे टाकून द्यावेत आणि पुढच्या कार्यक्रमासाठी नवी जोडी लगेच आणून ठेवावी.