या चुका टाळा : सोप्या वाटणाऱ्या विज्ञान-प्रश्नांत गुण कुठे गळतात

‘उन्हाळा का येतो?’ असं विचारलं की भराभर हात वर होतात आणि बहुतेकांचं उत्तर एकच असतं : पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. ऐकायला पटतं. शेकोटीजवळ सरकलं की ऊब लागतेच की! पण हे लिहिण्याआधी स्वतःलाच एक उलटा प्रश्न टाका : तसं असतं तर उन्हाळा साऱ्या पृथ्वीवर एकदमच यायला नको का? खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटींवर जातं.

या घोळाला आकृत्याही जबाबदार आहेत. त्यांत कक्षा अंड्यासारखी लांबुळकी दिसते. वहीवर १० सेंटीमीटर त्रिज्येची कक्षा प्रमाणात काढलीत, तर लांबी-रुंदीतला फरक पेन्सिलीच्या रेघेतच हरवून जाईल.

उन्हाळ्याचं खरं कारण आहे पृथ्वीच्या अक्षाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल. मात्र ‘अक्ष कललेला आहे’ एवढ्यावर थांबलात तर उत्तर अर्धंच. टॉर्च वहीवर सरळ धरा, छोटा झगझगीत गोल पडेल. आता तोच तिरका करा. गोल पसरतो आणि फिका पडतो, कारण तेवढाच प्रकाश जास्त जागेत वाटला जातो. सूर्यकिरणांचंही असंच होतं. शिवाय सूर्याकडे झुकलेल्या गोलार्धात दिवसही मोठा असतो. हे दोन्ही मुद्दे लिहा. आणि आकृतीत अक्ष एकीकडे डावीकडे, दुसरीकडे उजवीकडे झुकवू नका. वर्षभर त्याची दिशा जवळजवळ तीच राहते, म्हणून कक्षेवर चार जागी काढलेल्या चारही पृथ्वींचे अक्ष समांतर हवेत.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हेही असंच पटकन लिहिलं जाणारं उत्तर. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र दुपारनंतर सूर्यासोबत एकाच आकाशात दिसतो. सावली तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते, मग ती चंद्रावर येईल कशी? सावलीचा संबंध चंद्रग्रहणाशी.

जीवशास्त्रात सर्वांत जास्त गोंधळ एका वाक्याने केलाय : ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात.’ पहिला भाग बरोबर, दुसरा फसवा. श्वसन चोवीस तास चालू असतं. भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग इतका जास्त असतो की श्वसन बाहेरून जाणवत नाही, एवढंच. त्यातच श्वासोच्छ्वास आणि श्वसन यांची सरमिसळ होते. हवा आत-बाहेर करणं म्हणजे श्वासोच्छ्वास. पेशीत अन्नातून ऊर्जा मोकळी होणं म्हणजे पेशीय श्वसन. झाडाला फुप्फुसं नाहीत, पण पेशी आहेत.

‘झाड मातीतून अन्न घेतं’ हे वाक्यही खोडा. १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शास्त्रज्ञ फान हेल्मॉन्ट यांनी सुमारे ९० किलो मातीत विलोचं रोप पाच वर्षं वाढवलं. झाडाचं वजन ७४ किलोंच्या आसपास वाढलं, माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम! सगळं पाण्यातूनच आलं, असं त्यांनी ठरवलं. तेही चुकलेच, पण मोठ्या थाटात. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्या हिशेबात आलाच नाही. मुळं मातीतून पाणी आणि खनिजं घेतात, अन्न पानं तयार करतात.

बाकीचे घोळ लहान आहेत. खडक जागच्या जागी फुटला-कुजला की ते विदारण. पाणी, वारा किंवा बर्फाने तो माल उचलून नेला की झीज. शिरांतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. निळेपणा त्वचेतून दिसणाऱ्या प्रकाशाचा. आणि कोळी हा कीटक नव्हे. त्याला पाय आठ आणि शरीराचे भाग दोन. कीटकाला पाय सहा आणि भाग तीन. हे पाठ असलेली मुलंही आकृतीत कोळ्याच्या पोटाला पाय चिकटवतात. ते पुढच्या भागाला लागतात, आणि दोन्हीकडचे चार-चार मोजूनच पेपर द्या.