मुंबई फुकट पाहायला निघालात? आधी भरतीची वेळ पाहा आणि या चुका टाळा

गिरगावातील आमच्या घरी वर्षाला सात-आठ वेळा तरी पाहुणे उतरतात आणि त्यांतील बहुतेकांच्या हातात मोबाइलवर उतरवून घेतलेली एक यादी असते. तिच्यात गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, हँगिंग गार्डन, बँडस्टँड आणि जुहू अशी नावे एकाखाली एक लिहिलेली असतात आणि सगळ्यात वर ‘एका दिवसात, एक रुपयाही खर्च न करता’ असे आश्वासन असते. यादीतील ठिकाणे खरोखरच विनामूल्य आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की, त्या ठिकाणी कधी जायचे हे यादी सांगत नाही. मुंबईत जे फुकट मिळते, ते बहुतांशी समुद्राच्या, सूर्याच्या आणि लोकलच्या वेळापत्रकावर चालते. ते वेळापत्रक न पाहता निघालेली माणसे संध्याकाळी पाय सुजवून आणि चेहरा पाडून परत येताना मी इतक्या वेळा पाहिली आहेत की, आता पाहुण्यांना चहा देण्याआधी मी त्यांना तिथी विचारते.

भरती-ओहोटी न पाहता समुद्राकाठी जाणे, ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक आहे. हाजी अलीचा दर्गा किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर आत समुद्रात आहे आणि तिथे नेणारी वाट उंच पुलासारखी नसून पाण्याच्या पातळीच्या जवळून जाते. मोठी भरती आली की ती वाट पाण्याखाली जाते आणि पाणी उतरेपर्यंत दोन्हीकडची माणसे आपापल्या ठिकाणी अडकतात. हे मुंबईत राहणाऱ्यांना इतके सवयीचे आहे की, बाहेरगावच्या माणसाला ते वेगळे सांगावे लागेल असे आम्हाला सुचतच नाही.

काही वर्षांपूर्वी माझी सोलापूरची मावशी, मावसबहीण, तिचे यजमान आणि दोन मुले अशी पाच माणसे आमच्याकडे आली होती. परतीची गाडी दुपारची होती आणि तिथी पौर्णिमेची होती. मी त्यांना आदल्या रात्री सांगितले होते की, हाजी अलीला जायचे असेल तर सकाळी सातला घराबाहेर पडा. परंतु नाश्ता, आंघोळी आणि मुलांची आवराआवर यांत साडेनऊ वाजले. तरीही मेहुणे म्हणाले, “ताई, अर्ध्या तासाचं तर काम आहे, जाऊन लगेच येतो.” त्या वेळी मी हट्टाने अडवायला हवे होते आणि मी अडवले नाही, याची रुखरुख मला आजही आहे. ते दर्ग्यात पोहोचले, दर्शन झाले, मुलांनी मागच्या खडकांवर लाटा पाहिल्या आणि निघायची वेळ झाली तेव्हा वाटेवर पाणी चढू लागले होते. तिथल्या माणसांनी त्यांना रोखले, आणि ते योग्यच केले. मावशीचे इन्सुलिन आमच्या घरी फ्रीजमध्ये होते आणि जेवणाची वेळ टळत चालली होती. फोनवरून हे समजल्यावर मी ते घेऊन धावत किनाऱ्यावर गेले. पण पलीकडे दिसणाऱ्या माणसांकडे पाहत उभे राहण्यापलीकडे मला काहीही करता येत नव्हते. शेजारी बसलेल्या एका अनोळखी कुटुंबाने मावशीला बिस्किटे आणि केळे दिले, म्हणून तिची साखर उतरली नाही. दोन वाजून गेल्यावर वाट मोकळी झाली. गाडी तोपर्यंत निघून गेली होती. किनाऱ्यावर आल्यावर मावशी एवढेच म्हणाली, “पाणी अगदी पायाशी आलं होतं गं, आणि आम्हाला वाटलं की ते रोजच तिथं असतं.”

तेव्हापासून मी एकच सवय पाळते आणि ती कोकणातल्या आजीने शिकवलेली आहे. तिथीचा आकडा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता भरती असते. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी तिथी धरल्यास उत्तर सव्वाअकरा येते, परंतु मुंबईत त्या दिवशी बाराच्या आसपास धरावे. हीच वेळ दिवसा आणि रात्री अशी दोनदा येते आणि दोन भरतींच्या साधारण मध्यावर, म्हणजे सहा तासांनी, ओहोटी असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची भरती उधाणाची असते आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी उंचीची असते. इंटरनेटवर मिनिटाचा हिशेब देणारी कोष्टके मिळतात आणि ती जरूर पाहावीत. परंतु भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहून मनात पाऊणपट करणारा माणूस फोनची बॅटरी संपली तरी अडकत नाही. हाजी अलीला जायचे असेल, तर पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे प्रत्येकी दोन तास मी सोडून देते.

हाच हिशेब वांद्र्याच्या बँडस्टँडवरील खडकांना अधिक कडकपणे लागू होतो. ओहोटीला उघडे पडलेले खडक पाहून मुलेमुली फोटोसाठी आत जातात आणि पाणी परतताना आधी त्यांच्या मागच्या खोलगट भागात भरते, त्यामुळे ते समोर पाहत असताना परतीची वाट बंद होते. तिथून लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखालचे काँक्रीटचे टेट्रापॉड लाटांचा जोर मोडण्यासाठी टाकलेले आहेत, बसण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर शेवाळ असते आणि त्यांच्या फटीत पाय अडकला तर बाहेर काढायला अग्निशमन दलाला बोलवावे लागते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस महानगरपालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी लाटा पाहायच्या असतील तर रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरून पाहाव्यात.

भरतीचे गणित नेहमी भीतीपोटीच करावे लागते असे नाही. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ठाणे खाडीत उतरतात आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. परंतु भर ओहोटीला गेलात तर पक्षी चिखलावर दूर पांगलेले असतात आणि दुर्बिणीशिवाय गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. भरतीने खाडीचा चिखल बुडाला की त्यांतले पुष्कळ पक्षी नवी मुंबईतील नेरुळच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला येतात. तेव्हा काठावर शांतपणे उभे राहिलात, तर त्यांच्या मानेची वळणे साध्या डोळ्यांनी दिसतात. जी भरती हाजी अलीला वाट अडवते, तीच नेरुळला पक्षी जवळ आणते.

दुसरी चूक माझ्या दृष्टीने तेवढीच गंभीर आहे आणि ती म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेले हे शहर एका दिवसात संपवण्याची घाई. गेटवेहून जुहूला जाऊन परत मरीन ड्राइव्हला सूर्यास्त पाहायला येणाऱ्या माणसाचा दिवस समुद्रावर नव्हे, तर प्रवासात जातो. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सामान आणि लहान मुले घेऊन चढणे हा अनुभव पाहुण्यांना देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पाहून झाले’ अशी खूण करण्यासाठी धावणाऱ्यांना मी थांबवू शकत नाही, परंतु माझ्या घरी उतरलेल्यांना मी एका दिवशी एकच पट्टा पाहू देते आणि तो शक्यतो पायी.

माझा आवडता पट्टा सकाळी गेटवे ऑफ इंडियापासून सुरू होतो. ही कमान पूर्वेकडच्या बंदराकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे तिथून सूर्योदय दिसतो. सूर्यास्ताची वाट पाहत संध्याकाळी तिथे थांबलेली माणसे मला दरवेळी भेटतात आणि दरवेळी वाईट वाटते. 1911 मध्ये राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेट यांनी तिचा आराखडा केला आणि ती 1924 मध्ये खुली झाली. 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली. साम्राज्याच्या स्वागतासाठी बांधलेल्या दारातून साम्राज्य बाहेर पडले, हे तिथे उभे राहून मुलांना सांगावे. साडेसहाच्या उन्हात, गर्दी नसताना, ते त्यांना ऐकू येते.

तिथून चालत काळा घोड्याला जावे. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून तिथे आहे, सकाळी 11 वाजता उघडते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तरीही दारापर्यंत येऊन मागे फिरणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत, कारण ‘आपल्याला त्यातले काय कळणार’ असा संकोच त्यांना वाटतो. हा संकोच सोडून द्यावा. चित्रकार पुष्कळदा स्वतः तिथे बसलेले असतात आणि साध्या प्रश्नाने त्यांना आनंद होतो. माझ्या मावसबहिणीच्या धाकट्या मुलाने पुढच्या खेपेला एका चित्रकाराला “हे आभाळ हिरवं का?” असे विचारले आणि त्यांनी त्याला पंधरा मिनिटे रंग मिसळण्याविषयी सांगितले.

पुढे ओव्हल मैदान लागते आणि इथे लोक न थांबता निघून जातात, ही चूक मला सर्वांत जिव्हारी लागते. मैदानाच्या मधोमध उभे राहिल्यावर पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशी एकोणिसाव्या शतकातील गॉथिक वळणाची रांग दिसते आणि मागे वळल्यावर पश्चिमेला 1930 च्या दशकातील, आर्ट डेको या त्या काळच्या आधुनिक शैलीतील इमारतींचे गोल सज्जे दिसतात. पूर्वेची रांग उभी राहिली तेव्हा तिच्या समोर समुद्र होता. पश्चिमेची रांग भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर आहे. मरीन ड्राइव्हसह या 94 इमारतींच्या समूहाला 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. अर्धा तास तिथे गवतावर बसावे, क्रिकेट पाहावे आणि संध्याकाळी तिथूनच पश्चिमेकडे चालत मरीन ड्राइव्हवर सूर्यास्ताला पोहोचावे. पावसाळा सोडल्यास हा दिवस मला कधीही फसलेला आठवत नाही.

आता उरलेल्या चुका थोडक्यात सांगते. घारापुरीच्या लेण्यांना ‘फुकट’ यादीत धरू नये. होडीचे आणि प्रवेशाचे दोन्ही तिकीट लागते आणि सोमवारी ती बंद असतात. लेणीच पाहायची असतील आणि खर्च करायचा नसेल, तर जोगेश्वरी किंवा बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरला जावे. राणीच्या बागेला बुधवारी जाऊ नये, कारण ती त्या दिवशी बंद असते, आणि एरवीही तिथे तिकीट आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पायी जाता येत नाही. तो पाहायचा असेल तर वांद्र्याच्या किल्ल्यावर जावे. रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल काही तास बंद ठेवणे, कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच पाहून ठेवावे. ससून डॉकला पहाटेचा मासळीचा लिलाव पाहायला जावे, परंतु तिथे छायाचित्रणाला मनाई आहे आणि डोक्यावर जड टोपल्या घेऊन चालणाऱ्या कोळणींच्या वाटेत उभे राहू नये. महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून दिसतो. खाली नेऊन दाखवतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या मागे जाण्याची गरज नाही. समुद्रात पोहू नये. पावसाळ्यात आणि विसर्जनाच्या दिवसांत गिरगाव आणि जुहूच्या किनाऱ्यांवर जेलीफिश आणि पाकट येतात आणि त्यांच्या दंशाने दर वर्षी माणसे रुग्णालयात जातात.

हँगिंग गार्डन पाहून लगेच खाली उतरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायची आहे. त्याच मलबार हिलवर, वाळकेश्वरला, पायऱ्या उतरून गेल्यावर बाणगंगा तलाव आहे. शिलाहार राजघराण्याच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांनी तो 1127 मध्ये बांधला आणि 1715 मध्ये रामा कामत यांनी त्याची पुनर्बांधणी केली, असे मानले जाते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याला झऱ्याचे गोडे पाणी आहे. तिथे लोक आपल्या गेलेल्या माणसांचे विधी करायला येतात, म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि आवाज खाली ठेवावा. मावशीला मी पुढच्या खेपेला हाजी अलीला नेले ते अष्टमीच्या दुपारी बारा वाजता, ऐन ओहोटीला, इन्सुलिनची पिशवी माझ्या खांद्यावर घेऊन. आणि तिथून संध्याकाळी बाणगंगेला. ती खालच्या पायरीवर बसून पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि तिला उठवायची मला घाई नव्हती.